कुंडीतला ठेंगणा झेंडू : माती, उजेड आणि वाढरोधक

कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली गेली. तेथील एका शिलालेखात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळाने दिलेल्या दानाची नोंद आहे. त्या काळच्या उपासकांनी चैत्यापुढे कोणती फुले वाहिली असतील हे आज सांगता येत नाही. पण त्यांत झेंडू नव्हता एवढे मात्र निश्चित. झेंडूचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. सोळाव्या शतकानंतर तो समुद्रमार्गे भारतात आला आणि इतका रुळला, की आज बुद्धवंदनेची पुष्पपूजा असो, दसऱ्याचे तोरण असो वा १४ एप्रिलची मिरवणूक असो, झेंडूवाचून आपले चालत नाही.

हे फूल आपल्याकडे येते ते बहुतेक तोडलेले, किलोवर विकलेले. पुष्पपूजेत कोमेजणाऱ्या फुलाकडे पाहून अनित्यतेचे स्मरण करावयाचे असते, हे खरेच. तथापि विहाराच्या पायरीवर, शाळेच्या व्हरांड्यात अथवा घराच्या खिडकीत महिना-दीड महिना फुलत राहणारे जिवंत रोप ठेवण्यातही एक वेगळे समाधान आहे. अशी कुंडी घडविणे ही एक कला आहे आणि तिच्यामागे स्पष्ट शास्त्र आहे. ते शास्त्र माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे सोप्या शब्दांत मांडावे, हा या लेखाचा हेतू आहे.

सर्वांत लहान शेत

झेंडूची शेती करणाऱ्याला बाजाराचा फटका ठाऊक असतो. सणाच्या आदल्या दिवशी चढलेला भाव दुसऱ्या दिवशी तोडणीची मजुरीही देत नाही, आणि फुले रस्त्याच्या कडेला ओतून द्यावी लागतात. कुंडीतल्या रोपाचे तसे नाही. ते सणाच्या दिवशी विकले गेले नाही, तर पुढील आठवड्यातही विकता येते. दुसरे असे, की त्याला शेत लागत नाही. पाच इंची शंभर कुंड्या एकमेकींपासून पंचवीस सेंटीमीटर अंतरावर मांडल्या, तर त्या सुमारे सव्वासहा चौरस मीटर जागेत बसतात. एवढे अंगण भूमिहीन कुटुंबाकडेही असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला होता. जमीन किफायतशीर आहे की नाही, हे केवळ तिच्या आकारावर ठरत नाही. तिच्याशी श्रम, भांडवल व साधने यांचा मेळ किती बसतो यावर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतीवरील लोकसंख्येचा भार हलका करण्याचा खरा उपाय त्यांनी औद्योगिकीकरणात पाहिला, आणि कुंड्यांचा जोडधंदा काही त्याची जागा घेणार नाही. परंतु मेळ बसविण्याचे त्यांचे सूत्र एका लिटर मातीलाही लागू पडते. कुंडी हे सर्वांत लहान शेत आहे. तिच्यात रोप, माती, पाणी, खत आणि उजेड यांचा मेळ बसला, तर रोप आपोआप आटोपशीर राहते. आणि तो बसला नाही, तर कोणतेही औषध ती उणीव भरून काढीत नाही.

रोप उंच का होते?

वनस्पतीच्या खोडात जिबरेलिन नावाचे संजीवक तयार होते. ते पेशींना लांबविते. त्याचा शोध जपानी भातशेतीतल्या एका रोगामुळे लागला. काही रोपे अवाजवी उंच वाढून कोलमडत. शेतकरी त्यांना ‘बाकानाए’ म्हणजे ‘मूर्ख रोप’ म्हणत. १९२६ साली एइची कुरोसावा यांनी दाखवून दिले, की ही उंची एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे येते. १९३५ मध्ये तेजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले.

हे द्रव्य महाराष्ट्राला अपरिचित नाही. नाशिकचा द्राक्ष बागायतदार मणी लांब व टपोरे व्हावेत म्हणून ‘जीए’ची फवारणी करतो, ते जिबरेलिनच होय. याउलट कोकणातला आंबा बागायतदार झाडाची पालवी आवरून मोहोर यावा म्हणून ‘कल्टार’ देतो. त्यातील पॅक्लोब्युट्राझोल हे रसायन झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही. आपल्या भागातील कापूस उत्पादक झाड माजू नये म्हणून मेपिक्वाट क्लोराइड फवारतात, त्याचेही काम तेच. म्हणजे संजीवक एक. कोणी ते वाढवितो, कोणी ते आवरतो. वाढरोधकामुळे पानांची संख्या विशेष घटत नाही. दोन पानांमधले अंतर घटते. पेशी लहान राहिल्याने हरितद्रव्य दाट होते, म्हणून असे रोप गडद हिरवे दिसते.

मात्र रोपाला उंच करणारी इतर कारणेही आहेत : उंच वाढणारी जात, कमी उजेड, दाटी, मोठा दिवस, अति नत्र आणि सततची ओल. आधी ही कारणे दूर करावीत. रसायनाचा विचार त्यानंतर.

जातीची निवड

शेतात लावला जाणारा ‘कलकत्ता’ प्रकारचा झेंडू कमरेपर्यंत वाढतो. त्याला पाच इंची कुंडीत बसविण्याचा हट्ट म्हणजे मोठ्या माणसाला बाळाचे अंगडे घालणे. कुंडीसाठी दोन गट योग्य आहेत. पहिला, ज्याला आपण मखमली झेंडू म्हणतो तो फ्रेंच झेंडू : लहान फुले, तांबूस-पिवळे रंग, उंची साधारण वीस ते तीस सेंटीमीटर. दुसरा, आफ्रिकन झेंडूच्या ठेंगण्या संकरित जाती, उदाहरणार्थ ‘अँटिगा’ किंवा ‘ताइशान’. यांची फुले मोठी, पण उंची तीस सेंटीमीटरच्या आसपासच राहते. नावे फ्रेंच आणि आफ्रिकन असली, तरी दोन्ही मूळचे अमेरिका खंडातलेच.

संकरित बियाणे महाग असते आणि त्याच्या फुलांतून धरलेले बी पुढच्या पिढीत एकसारखे निघत नाही. ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी छाट कलमाची वाट आहे. निरोगी रोपाचा कळी नसलेला बोटभर शेंडा कापून, खालची पाने काढून, ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत खोचावा. सुमारे दोन आठवड्यांत मुळे फुटतात. बियांपासून वाढविलेल्या रोपापेक्षा असे रोप बुटके राहते आणि लवकर फुलते.

कुंडीची माती म्हणजे शेताची माती नव्हे

आपली काळी माती शेतात सोने पिकविते. कुंडीत मात्र तीच घात करते. ओली झाली की ती फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्या बारीक कणांमधून हवा खेळत नाही. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शेतात पाणी खाली खोलवर ओढले जाते. कुंडीचा तळ लगेच संपतो. भिजवलेला स्पंज उभा धरला, तर वरचा भाग निथळतो, पण खालच्या कडेला पाणी धरून राहते. कुंडीच्या तळाशीही असाच पाणथळ थर राहतो. माती जितकी बारीक आणि कुंडी जितकी उथळ, तितका हा थर मुळांना जाचक. तळाशी खडे घालण्याची आपली जुनी पद्धत यावर उपाय नाही; खड्यांमुळे तो थर नाहीसा न होता उलट वर सरकतो. भोक बुजू नये म्हणून जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी पुरते. खरा उपाय म्हणजे संपूर्ण मिश्रणच भुसभुशीत असणे.

याकरिता दोन मिश्रणे सुचवितो. पहिले : धुतलेले कोकोपीट दोन भाग, चाळलेले गांडूळखत एक भाग, जाड धुतलेली वाळू एक भाग. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजल्यावर सुमारे साठ ते पंचाहत्तर लिटर होते. नारळाच्या काथ्यात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे. दुसरे, कोकोपीट नसेल तर : पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे अथवा शेणाचे खत दोन भाग, पोयट्याची माती एक भाग, जाड वाळू एक भाग. अर्धवट कुजलेले शेणखत टाळावे. त्याची उष्णता व क्षार कोवळी मुळे जाळतात. मिश्रण योग्य झाले का, याची सोपी परीक्षा अशी : ते भिजवून मुठीत दाबावे. लाडू बनला, पण बोटाच्या टिचकीने फुटला, तर मिश्रण साधले. लाडू चिकट राहिला, तर वाळू वाढवावी.

मराठवाड्यातील माती चुनखडीयुक्त आणि विहिरीचे पाणी जड असते. त्यामुळे मिश्रणाचा सामू हळूहळू वाढतो आणि लोह मुळांना मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा हिरव्याच राहिल्या, तर ती लोहाची कमतरता समजावी. अशा वेळी चिलेटेड लोहाची सौम्य फवारणी उपयोगी पडते. पावसाचे साठविलेले पाणी मिळाले तर फारच उत्तम. सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यान राहावा. तो सहाच्या फार खाली गेला, तर आफ्रिकन झेंडूच्या पानांवर लोहाच्या अतिरेकाचे तांबूस ठिपके दिसू लागतात.

पाणी आणि खत

पाणी सकाळी द्यावे, भरपूर द्यावे, आणि वरचा बोटभर थर सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. रोज थोडे थोडे शिंपडल्याने वरची माती ओली व खालची मुळे उपाशी राहतात. पाण्याचा किंचित ताण रोपाला आटोपशीर ठेवतो. पण पाने कोमेजून लोंबू लागेपर्यंत वाट पाहू नये.

खताच्या बाबतीत आपली सवय ‘जास्त घाला म्हणजे जास्त फुलेल’ अशी असते. युरियासारख्या खताने पाने लुसलुशीत व खोड लांब होते. स्फुरदाचेही तसेच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी झेंडूवरच प्रयोग करून दाखविले, की स्फुरद कमी पण सतत मिळत राहिले, तर रोपाचा पानोरा आटोपशीर राहतो आणि पाण्याचा ताण पडला तरी रोप उशिरा कोमेजते. म्हणून कुंडीत डीएपीचे दाणे टाकू नयेत. गांडूळखतातील स्फुरद पुरेसे असते. लावणीनंतर दहा दिवसांनी, आठवड्यातून एकदा, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट व अर्धा ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळवून द्यावे. यातून नत्र सुमारे १४० पीपीएम मिळते आणि तेही नायट्रेटच्या रूपात, जे रोपाला उगाच लांबवीत नाही.

उजेड, अंतर आणि स्पर्श

झेंडूला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीतील रोप उजेडाच्या शोधात मान लांब करते. कुंड्यांतील पाने एकमेकींना भिडली, की प्रत्येक रोप शेजाऱ्याच्या वर जाऊ पाहते. तेव्हा वेळीच कुंड्या विरळ कराव्यात. हा सर्वांत स्वस्त वाढरोधक होय.

आफ्रिकन झेंडूवर दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो. लहान दिवसात तो लवकर आणि बुटका असतानाच फुलतो. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस सुमारे अकरा तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. म्हणूनच हिवाळी झेंडू सहज साधतो आणि पावसाळी झेंडू ढगाळ हवेत माजतो. रोपे रात्री वसतिगृहाच्या दिव्याखाली ठेवू नयेत. तो उजेड त्यांच्या लेखी दिवस लांबवितो.

स्पर्शाने रोप बुटके होते हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. वाऱ्याने हलणारे झाड सखल व जाड खोडाचे होते, हे आपण डोंगरमाथ्यावर पाहतोच. मार्क जाफे या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या परिणामाला शास्त्रीय नाव दिले. टोमॅटोच्या रोपांवरून दररोज काही वेळा पुठ्ठा हलकेच फिरविल्यास ती बुटकी राहतात. झेंडूच्या कोवळ्या रोपांवर हा प्रयोग विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावा. त्याला पैसा लागत नाही आणि धोकाही नाही.

शेंडा खुडणे हा आणखी एक उपाय. रोपाला चार-पाच पानांच्या जोड्या आल्या, की टोक खुडल्याने बगलफुटी येतात. फुले अधिक येतात, पण दहा-पंधरा दिवस उशिरा. ठेंगण्या संकरित जातींना त्याची गरज पडत नाही. कलमांना आणि गावठी झेंडूला मात्र तो लाभतो.

वाढरोधक : केव्हा, किती, कोणी

इतके सर्व करूनही, विशेषतः विक्रीसाठी शेकडो कुंड्या एकसारख्या हव्या असतील, तर वाढरोधकाचा विचार होतो. जगभरच्या रोपवाटिकांत झेंडूसाठी मुख्यतः डॅमिनोझाइड, क्लोरमेक्वाट आणि पॅक्लोब्युट्राझोल वापरली जातात. डॅमिनोझाइड पानांतून शोषले जाते व त्याचा परिणाम सौम्य असतो. क्लोरमेक्वाटची मात्रा चुकली, तर पानांच्या कडा पिवळ्या पडतात. पॅक्लोब्युट्राझोल खोडातून आणि मुळांतून शोषले जाते. ते फार अल्प मात्रेत काम करते, आणि म्हणूनच तेथे चुकीला क्षमा नसते.

पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या २३ टक्के पॅक्लोब्युट्राझोलमध्ये लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रियाशील द्रव्य असते. म्हणजे एक मिलिलिटर औषध दहा लिटर पाण्यात मिसळले, की २५ पीपीएमचे द्रावण होते. शंभर कुंड्यांना जेमतेम सव्वा लिटर द्रावण पुरते. म्हणजे मूळ औषध एका मिलिलिटरचा आठवा भाग! ‘एक टोपण’ मोजण्याची आपली सवय येथे सर्वनाश करील. सुईविरहित सिरिंजने एक मिलिलिटर मोजून ते एक लिटर पाण्यात घालावे. त्यातील १०० मिलिलिटर घेऊन त्यात ९०० मिलिलिटर पाणी मिसळावे. हे झाले २५ पीपीएम. आधी याहूनही निम्म्या तीव्रतेने दहाच कुंड्यांवर पाहावे आणि दहा दिवस थांबून मगच पुढे जावे. लावणीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी, मुळे धरल्यावर आणि कळ्या दिसण्यापूर्वी, सकाळी अथवा सायंकाळी फवारणी करावी. उशिरा केलेल्या फवारणीने फूल लहान होते व बहर लांबतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे हे औषध प्रामुख्याने आंब्यासाठी विकले जाते. लेबलवर ज्या पिकाचे नाव नाही, त्यावर ते वापरण्यापूर्वी कृषी अधिकारी अथवा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. पॅक्लोब्युट्राझोल मातीत महिनोन्महिने टिकते. त्या कुंडीतील माती पुन्हा मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांसाठी कदापि वापरू नये आणि परसबागेतही ओतू नये. डॅमिनोझाइडचा इतिहासही बोलका आहे. अमेरिकेत ते सफरचंदावर सर्रास वापरले जाई. आरोग्याविषयी शंका उपस्थित झाल्यावर १९८९ मध्ये खाद्यपिकांवरील त्याचा वापर थांबला आणि ते शोभेच्या झाडांपुरते उरले. वाढरोधक हाताळण्याचे काम विद्यार्थ्यांना कधीही देऊ नये. ते प्रौढ व्यक्तीने हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच करावे. बाटली कुलपात ठेवावी. तथागतांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. वाढरोधक म्हणजे विषच असे नव्हे. परंतु ज्या वस्तूचा परिणाम आपल्या ग्राहकाला, आपल्या मुलाला आणि आपल्या मातीला भोगावा लागू शकतो, ती हाताळताना सम्यक आजीविकेची कसोटी लावलीच पाहिजे. घरच्या दहा कुंड्यांसाठी आणि शाळेच्या बागेसाठी वाढरोधकाची मुळीच आवश्यकता नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे

मखमली झेंडूला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण आठ-नऊ आठवडे, तर ठेंगण्या आफ्रिकन झेंडूला दहा ते बारा आठवडे लागतात. त्यावरून उलट मोजणी करावी. १४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आफ्रिकन झेंडू जुलैच्या उत्तरार्धात व मखमली ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पेरावा. या दिवसांत ढगाळ हवा असल्याने रोपे पावसापासून जपावीत, पण उजेडापासून वंचित ठेवू नयेत. १४ एप्रिलसाठी आफ्रिकन जानेवारीच्या उत्तरार्धात, मखमली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. वैशाख पौर्णिमेचा बहर सर्वांत अवघड, कारण कडक उन्हाळ्यात मखमली झेंडू फुलणे थांबवितो. तेव्हा आफ्रिकन जातच निवडावी आणि भर दुपारी हलकी सावली द्यावी.

पडताळून पाहावे

कालाम सुत्तात बुद्धांनी सांगितले, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पडताळून पाहा. हा लेखही त्याला अपवाद नाही. प्रत्येक वर्गाने तीस कुंड्या घ्याव्यात. दहांत काळी माती, दहांत वर सांगितलेले मिश्रण, आणि दहांत तेच मिश्रण घेऊन रोपांवरून रोज सकाळी-सायंकाळी पुठ्ठा फिरवावा. जात, ऊन, पाणी व खत सर्वांना सारखे. दर रविवारी पट्टीने उंची मोजून वहीत लिहावी, पहिली कळी केव्हा दिसली ते नोंदवावे, आणि प्रत्येक कुंडीवर किती रुपये खर्च झाले याचा हिशेब ठेवावा. आठ-दहा आठवड्यांनी ती वही आपल्या मातीविषयी आणि आपल्या पाण्याविषयी जे सांगेल, ते बाहेरचा कोणताही लेख सांगू शकणार नाही. पालकांनीही घरी पाच कुंड्यांपासून आरंभ करावा. त्या साधल्या, तर शंभरांचा विचार करावा. मेळ पाच कुंड्यांत बसविता आला, की तो शंभरांतही बसविता येतो.